पाळीचं पाणी

बालीत गाडी भाड्यानं घेतली की तिच्यासोबत ड्रायव्हर येतो, आणि त्या दोघांबरोबर अख्खा दिवस आपल्या मालकीचा होतो. तासांचे पैसे आधी ठरलेले असतात. कुठं थांबायचं, जेवायचं कधी, देवळात आत जायचं की बाहेरूनच हात जोडायचे, हे आपण सांगायचं. सहलीच्या बसमधला ‘दहा मिनिटं, बाथरूम आणि फोटो’ हा हुकूम इथं नाही. चाळिशी उलटलेल्या आमच्या ड्रायव्हरला सगळे ‘ब्ली’, म्हणजे दादा, म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ अशा दिवसाची चैन काय असते ते ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर प्रवास केला त्यालाच कळतं. माझ्या आत्याला ते लगेच कळलं. तिनं पहिल्या अर्ध्या तासात दोनदा गाडी थांबवली, एकदा केळी घ्यायला आणि एकदा उगाच.

आत्याला समुद्राचा कंटाळा आला होता. ‘पाणी पाणी काय बघायचं सारखं? डोंगराकडं चल,’ असं म्हटल्यावर मी जातिलुविहचं नाव काढलं. बालीच्या पश्चिमेकडच्या ताबानान भागात, बातुकारू डोंगराच्या दक्षिण उतारावर, साधारण सातशे मीटर उंचीवर हे गाव आहे. भाताच्या पायऱ्यांसाठी बालीत लोक बहुधा उबुदजवळच्या तेगलालांगला जातात. तिथं दरीवर झोके बांधलेत, फोटोसाठी लांबलचक झगे भाड्यानं मिळतात, आणि झोक्यावर बसायची रांग भातापेक्षा लांब असते. आत्याला झोक्यावर बसवायची माझी हिंमत नव्हती. खरं तर ती बसली असती, याचीच जास्त भीती होती.

वाटेत मेंग्वीचं तामान आयुन देऊळ लागतं, १६३४ सालचं, त्या वेळच्या राजघराण्याचं. भोवती पाण्याचा रुंद खंदक, आत काळ्या ताडतंतूंनी शाकारलेली, एकावर एक छपरं चढत गेलेली मेरू. छान आहे, आम्ही एक फेरी मारून निघालो. खंदकातलं पाणी नुसतं शोभेचं नाही, ते पुढं शेतात जातं, हे ब्लीनं गाडी चालू करता करता सांगितलं. तेव्हा मी त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही.

पेनेबेल सोडल्यावर रस्ता अरुंद होत गेला, हवा गार झाली, आणि एका वळणावर उजवीकडची झाडी संपली. जुलैचा महिना होता. जाहिरातींमध्ये जातिलुविह नेहमी हिरवंगार असतं. समोर पसरलेलं होतं ते पिवळं, पिकलेलं, वाकलेलं. आमच्यापुढच्या गाडीतून उतरलेलं एक जोडपं हिरमुसलं होतं. हिरवं कधी असतं, म्हणून त्यांच्या ड्रायव्हरला विचारत होतं. आत्यानं मात्र कपाळावर हात धरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

‘अगं, एकसारखं पिकलंय सगळं.’

मला त्यात विशेष काही दिसेना. पण आत्याचं माहेर, म्हणजे माझं आजोळ नव्हे, वडिलांचं गाव, भोरकडचं. लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत तिनं दर आषाढात गुडघाभर चिखलात वाकून भात लावलेलं. आमच्या गावाकडं एकाचं हळवं भात कापायला येतं तेव्हा शेजारच्याचं गरवं अजून पोटरीत असतं, आणि त्याच्या पलीकडच्यानं दाढ उशिरा टाकली म्हणून त्याचं आणखी मागं. डोंगरावरून पाहिलं तर खाचरांची गोधडी दिसते. इथं शेकडो हेक्टरांची उतरंड आणि रंग एकच. ‘एवढ्या लोकांनी एका दिवशी लावलं की काय?’ आत्यानं विचारलं, आणि मी ते ब्लीला इंग्रजीत विचारलं.

एका दिवशी नाही, तो म्हणाला, पण एका ठरलेल्या मुदतीत. कुणाला वाटलं म्हणून आधी नाही, कुणाला जमलं नाही म्हणून नंतर नाही. ते सुबाक ठरवतं.

सुबाक म्हणजे एका पाण्यावर शेती करणाऱ्यांची पंचायत. गाव वेगळं, सुबाक वेगळं. एका गावातल्या लोकांची शेतं दोन-तीन सुबाकांत असू शकतात आणि एका सुबाकात अनेक गावांचे लोक. हद्द ठरते ती कोणत्या बंधाऱ्याचं पाणी आपल्या बांधाशी येतं यावरून. म्होरक्याला ‘पेकासेह’ म्हणतात. त्याला सभासद निवडतात. नियम लिहून ठेवलेले असतात, पूर्वी ताडपत्रावर, आता वहीत. जात कोणतीही असो, सभेत बसलं की सगळे एकमेकांशी अदबीच्या बालीनीज भाषेतच बोलतात. अकराव्या शतकातल्या लेखांत या व्यवस्थेचं नाव सापडतं. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधी दोनशे वर्षं इथं लोक पाण्याच्या पाळीवरून सभा घेत होते, आणि सभा म्हटली की भांडतही असणार.

पाणी इथं सहज हाताला लागत नाही. ज्वालामुखीच्या उतारावर नद्या खोल घळी कोरून वाहतात. शेत वर, नदी खाली. म्हणून नदीला बरंच वरच्या अंगाला बांध घालायचा आणि पाणी डोंगराच्या कुशीतून पाटानं आणायचं, मध्ये कडा आला तर बोगदा खोदायचा. खडक राखेचा, मऊ, त्यामुळं छिन्नीनं खोदता येतो. पण आत अंधारात खोदत जाऊन पलीकडं नेमक्या उंचीवर निघणं हे काम खास लोकांचं. बोगदे खोदणाऱ्या त्या कारागिरांचा उल्लेखही जुन्या लेखांत आहे. इतका उपद्व्याप कुण्या एका शेतकऱ्याला परवडणारा नाही. बोगदा सगळ्यांचा, म्हणून पाणी सगळ्यांचं.

आम्ही बांधावरून चालत होतो. आत्यानं चपला काढून हातात घेतल्या होत्या, साडी वर खोचली होती, आणि पंचाहत्तरीच्या बाईनं बांधावरून चालू नये असं सांगायला निघालेली मी दोनदा तिच्या आधी घसरले. एका ठिकाणी पाटाचे फाटे फुटत होते. तिथं पाण्यात आडवा ओंडका रोवलेला, आणि त्याला वरच्या बाजूनं खाचा. एक खाच चार बोटं रुंद, दुसरी तेवढीच, तिसरी जवळजवळ दुप्पट. सगळ्यांची खोली सारखी. ब्लीनं उकिडवं बसून दाखवलं. खाचेची रुंदी म्हणजे त्या शेताचा हिस्सा. पाटाला पाणी वाढलं तर सगळ्यांचं वाढतं, आटलं तर सगळ्यांचं त्याच प्रमाणात आटतं. मोजायला माणूस नको, मीटर नको. बोलता बोलता त्यानं मधल्या खाचेत अडकलेलं कुजकं पान दोन बोटांनी काढलं आणि बांधावर टाकलं. हे त्याचं शेत नव्हतं, त्याचं सुबाकही नव्हतं. त्याची जमीन इथून बरीच खाली होती. तरी हात गेला.

‘पान पडलं का कुणी टाकलं?’ आत्या म्हणाली. मी भाषांतर केलं. ब्ली एवढा हसला की त्याला उठायला वेळ लागला. तो म्हणाला, ‘इबूंना,’ म्हणजे बाईंना, ‘शेती कळते.’

खाचेच्या पलीकडं, शेतात पाणी शिरतं त्या कोपऱ्यात, बांबूचं छोटं देवघर होतं. नारळाच्या पानाच्या द्रोणात फुलं, चार दाणे, एक बिस्किट. भाताची देवी श्री. प्रत्येक शेताच्या तोंडाशी तिचं एक ठाणं, प्रत्येक बंधाऱ्याशी एक देऊळ, त्यावर आणखी मोठ्या देवळांची साखळी, आणि सगळ्यांच्या वर तळ्याकाठचं देऊळ, कारण पाणी तळ्यातून येतं अशी श्रद्धा. पर्यटन खात्याच्या पाट्यांवर या सगळ्याला ‘त्रि हित करण’ असं नाव दिलेलं असतं. देव, माणूस आणि निसर्ग यांचा समतोल. युनेस्कोनं २०१२ साली सुबाकांना जागतिक वारसा म्हटलं तेही याच नावानं. मला असल्या पाट्यांचं वावडं आहे. समतोल हा शब्द दिसला की कुठं तरी कुणी तरी जमीन विकतंय असा माझा अनुभव. पण इथं देवळांचं काम पाटीवर लिहितात त्याहून फार व्यवहारी आहे, आणि ते ज्या रीतीनं जगाला कळलं ती गोष्ट फार शिकवणारी आहे.

सत्तरच्या दशकात इंडोनेशियात हरितक्रांती आली. नवं बियाणं, खत, औषध, आणि एक सूचना: जमेल तितक्या वेळा पीक घ्या. दोनाऐवजी तीन. देवळांनी ठरवलेल्या तारखा कशाला पाळायच्या, पाणी आहे तोवर लावत राहा. पहिली एक-दोन वर्षं भात भरपूर झालं. मग पाण्यावरून गोंधळ सुरू झाला आणि पाठोपाठ कीड आली. तपकिरी तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं वाळवली. त्यांना दाद न देणारं बियाणं आणलं तर त्यावर टुंग्रो रोग पडला. औषध वाढवलं, कीड वाढली. शेवटी १९८६ साली सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग त्या काळात बालीत होते. त्यांचं म्हणणं असं की देवळं पूजा करत होती हे खरंच, पण त्याच वेळी ती एक अवघड गणित सोडवत होती. डोंगरावरच्या सगळ्यांनी एकदम लावणी केली तर चिखलणीला एकाच वेळी सगळ्यांना पाणी लागणार आणि खालच्यांना पुरणार नाही. प्रत्येकानं आपापल्या सोयीनं लावलं तर पाणी पुरेल, पण कुठं ना कुठं भात कायम उभं राहील आणि उंदीर, तुडतुडे या शेतातून त्या शेतात मजेत फिरतील. मोठा टापू एकाच वेळी कापून पाण्याखाली ठेवला तरच त्यांची उपासमार होते. म्हणजे किती सुबाकांनी एकत्र लावायचं आणि कितींनी थांबायचं याचा मध्य गाठायला हवा. लान्सिंग आणि पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी ओस आणि पेतानू या दोन नद्यांवरच्या १७२ सुबाकांचं गणित संगणकावर मांडलं. प्रत्येक सुबाकाला एवढंच सांगितलं: शेजाऱ्यांपैकी ज्याला जास्त पिकलं त्याची तारीख पुढच्या वर्षी उचल. थोड्याच हंगामांत पडद्यावर जे गट तयार झाले ते देवळांच्या खऱ्या गटांशी बरेचसे जुळले.

मला यात आवडतो तो उंदीर. नाही तर पाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या माणसाला खालच्याची पर्वा करायचं कारण काय? पाणी त्याच्या दारातून जातं. आपल्याकडं कालव्याच्या शेंड्याला असलेल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा. पण बालीतल्या वरच्या शेतकऱ्याला खालच्यानं आपल्याबरोबर शेत मोकळं ठेवलेलं हवं असतं. त्यानं नाही ठेवलं तर त्याचे उंदीर चढून वर येतात. म्हणून तो पाणी सोडतो आणि बदल्यात तारीख मागतो. यात कुणी संत असण्याची गरज नाही. समोरची पिवळी उतरंड म्हणजे सभेत बसून, कुरकुरत, मनातल्या मनात शिव्या देत मान्य केलेला ठराव आहे.

असे ठराव आपल्याकडं होत नव्हते असं नाही. धुळे-नाशिककडं पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. बंधाऱ्याखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटायची. एका फडात एकच पीक, यंदा इथं ऊस तर तिथं हंगामी पीक, पुढं फिरवायचं. प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात, म्हणजे दुष्काळात एक फड कोरडा ठेवायची वेळ आली तर सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला पंच. माझा ऊस मी मला हव्या त्या रानात लावीन, हे चालत नसे. पुढं नद्यांच्या वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी झाल्या, विहिरीवर मोटर आली. मोटर ही एका अर्थी माझ्या त्या दिवशीच्या गाडीची बहीणच: कुणाला विचारायचं नाही, बटण दाबायचं. तिनं माणसांना सुख दिलं हे मी नाकारणार नाही. डोक्यावरून पाणी वाहिलेली आत्या तर मुळीच नाकारणार नाही. पण मोटरीला पाळी नसते, आणि पाळी नसली की सभेला जायचं कारणही उरत नाही. काही बंधाऱ्यांवर फड अजून तग धरून आहेत. तिकडं गाडी करून एक दिवस जाऊन येणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि त्यात मीही आले.

खाली एका शेतात कापणी चालली होती. बहुतेकांच्या हातात विळे होते, पण एक म्हातारी तळहातात लपेल एवढं पातं घेऊन एकेक लोंबी खुडत होती. त्याला ‘आनी-आनी’ म्हणतात. लाकडी मुठीत बसवलेलं लहान पातं. मूठ तळव्यात, पातं मधल्या बोटांमध्ये. देवीला पातं दिसू नये, ती घाबरू नये, म्हणून असं झाकून कापायचं. इथला जुना लाल तांदूळ पाच-सहा महिने घेतो, ताट छातीपर्यंत वाढतं, लोंब्या मागंपुढं पिकतात, तेव्हा निवडून खुडण्यात शहाणपणही आहे. आत्यानं हात पुढं केला. म्हातारीनं पातं दिलं. आत्यानं दोन लोंब्या खुडल्या, तिसरीला देठ लांब ठेवला. म्हातारीनं मान हलवून तो चिमटीनं दाखवला, इतकाच हवा. पेंढी बांधताना लांबी सारखी लागते. आत्या म्हणाली, ‘हिच्या हाताखाली सून म्हणून राहणं कठीण.’ याचं भाषांतर मी केलं नाही.

जेवायला लाल भात, खवलेलं ओलं खोबरं घातलेली भाजी, तळलेलं तेंपे, आणि भाजलेल्या लाल तांदळाचा चहा. हॉटेल बरोबर कठड्यावर, समोर सगळी उतरंड. भाताच्या एका ताटाला किती पैसे पडले याचा हिशेब आत्यानं केला आणि तो तांदूळ शेतकऱ्याकडून काय भावानं घेतात हे ब्लीला विचारायला लावलं. उत्तर ऐकून ती बराच वेळ चहा ढवळत राहिली, साखर न घालता. गावात शिरताना तिकीट असतं, त्यातला वाटा गावाला आणि सुबाकाला जातो. पण देखाव्यावर मिळणारा खरा पैसा देखावा उगवणाऱ्याला नव्हे, कठड्यावर खुर्च्या टाकणाऱ्याला मिळतो. मग शेतकऱ्यालाही वाटतं, आपल्याच बांधावर चार खुर्च्या टाकाव्यात. त्या टाकायच्या नाहीत, कारण देखावा बिघडतो. हा नियम माझ्यासारखीच्या सोयीचा आहे आणि तो मला मनापासून पटतो, हेच त्यातलं अवघड.

‘तुझी जमीन किती?’ आत्यानं परतताना गाडीत विचारलं.

‘वीस आरे.’

एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. मी मनात गुणाकार करत होते. आत्याला गरज पडली नाही, कारण गुंठा जवळजवळ तेवढाच भरतो. ‘वीस गुंठे,’ ती म्हणाली, ‘म्हणून गाडी चालवतो.’ तिच्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वाट्याला किती गुंठे आले होते आणि ते आता कुणाच्या नावावर आहेत, हे मला ठाऊक असल्यामुळं मी खिडकीबाहेर पाहू लागले.

डोंगर उतरून चांगगूच्या बाजूला आलो. इथंही भातखाचरं आहेत, पण व्हिलांच्या मधून मधून उरलेली. एका पांढऱ्या भिंतीला लागून पाट वाहत होता; भिंतीच्या आत निळा पोहण्याचा तलाव, बाहेर पाटात प्लास्टिकचे पेले. ब्लीची जमीन अशाच भागाच्या वरच्या अंगाला. ताबानानच्या त्या पट्ट्यात अजून सभा भरतात, तो म्हणाला, पण आता एक नवी अडचण आहे. ओंडक्याला खाच असते ती शेताची. शेत विकलं, तिथं व्हिला झाली, तरी पाट तिच्या कुंपणाला लागूनच जातो. मालक ऑस्ट्रेलियात नाही तर जाकार्तात. भाडेकरू आठवड्याला बदलणारे. पेकासेहनं सभेला बोलवायचं कुणाला? दंड कुणाला करायचा? जमिनीचे भाव वाढले की करही वाढतो, मग उरलेल्यालाही विकावंसं वाटतं. मधली दोन-तीन शेतं गेली की एकत्र लावायचं म्हटलं तरी टापू तुटतो. आणि उंदरांचं व्हिलाच्या बागेत छान चालतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं शेतकऱ्याच्या मुलीचा प्रश्न विचारला, ‘त्या बंगल्यासमोरचा पाट साफ कोण करतं?’

‘आम्हीच.’

‘आणि नाही गेलं तर?’

‘दंड. फार नसतो.’ तो दोन दिवसांच्या गाडीभाड्यापुढं काहीच नव्हता, हे त्यानं स्वतःच सांगितलं. पण दंड भरणाऱ्यांची नावं सभेत वाचून दाखवतात. त्याच्याकडं कापण्या संपल्या आहेत, आता लावणीआधी पाट उपसायचे आहेत. उद्या सकाळी त्याच्या सुबाकाची सफाई. तेव्हा उद्या आम्हाला उलुवातूला न्यायला त्याचा चुलतभाऊ येईल, चांगला चालवतो, इंग्रजी थोडं कमी. नऊला दारात असेल.

आत्या म्हणाली, ‘नऊ नको, ऊन होतं. साडेआठला ये म्हणावं.’

ब्लीनं फोन लावला.